हमीदभाईंचा ‘नोको’

पहिल्याच दिवशी हमीदभाईंनी मला साडी बदलायला घरी पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहणार म्हणून मी बहिणीच्या लग्नातली फुलाफुलांची रेशमी साडी नेसून गेले होते. त्यांनी कॅमेऱ्यातून एकदा पाहिलं, मान बाहेर काढली आणि म्हणाले, “मॅडम, हे फुलायचं नोको. एकरंगी घालून या. अन् बांगड्या काढून ठेवजा.”

“बांगड्या कशाला?”

“लायटीत चमकतात. पाहणारा बांगडी पाहीन, बोट नाई पाहणार.”

अमरावतीच्या भर मे महिन्यात मी स्कूटीवर घरी गेले, गडद निळा साधा ड्रेस घालून परत आले. रस्ताभर मनात त्यांना नावं ठेवत होते. त्यांनी पुन्हा कॅमेऱ्यातून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “आता बोटं दिसले.”

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. आमचं शिकवणं हाताचं. मुलं सुट्टीत गावी गेली की घरात त्यांच्याशी खुणांनी बोलणारं कोणी नसतं, आणि जूनमध्ये परत येतात तेव्हा निम्मं विसरलेली असतात. म्हणून आमचे मुख्याध्यापक धांडे सर यांनी ठरवलं की सगळे धडे खुणांच्या भाषेत चित्रित करून ठेवायचे. खुणा मी करायच्या, आणि चित्रण करायला अकोल्याहून हमीदभाई यायचे. लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगमध्ये त्यांची पंचवीस-तीस वर्षं गेली होती. अकोल्याच्या ताजनापेठेत त्यांचं दुकान. सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरायचे, तिथून ऑटोने शाळेत. अंगात अर्ध्या बाह्यांचा सफारी शर्ट, डोक्याला उन्हाचा पांढरा दुपट्टा, आणि चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

तीन उन्हाळे आम्ही ते काम केलं. पाचवीच्या वर्गातली बाकं बाहेर काढायची, भिंतीला निळं कापड लावायचं आणि कूलर बंद करायचा, कारण वाऱ्याने कापड हललेलं हमीदभाईंना चालत नसे. घाम पुसून पुसून माझा चेहरा लाल व्हायचा. ते म्हणायचे, “चेहऱ्याचं जाऊ द्या जी. हात कोरडे ठेवजा.”

‘नोको’ हा त्यांचा आवडता शब्द. दिवसातून चाळीस वेळा तरी यायचा. हात इतका खाली नोको, कापडाच्या बाहेर जाते. इतकं जलदी नोको. मान हलवणं नोको. एकदा धांडे सर म्हणाले, “मागे थोडं हलकं संगीत टाका.” हमीदभाईंनी शांतपणे विचारलं, “कोणासाठी जी?” सर ओशाळून हसले, म्हणाले, पाहुण्यांना दाखवताना बरं दिसतं. “पाव्हण्यासाठी वेगळी बनवून देईन. पोरायच्या फाइलीत ज्याचा उपेग नाई, ते नोको.”

प्रत्येक धड्याच्या ते तीन प्रती करून देत. मोठी प्रत शाळेच्या पडद्यासाठी, मधली कॉम्प्युटरसाठी, आणि लहान प्रत मोबाइलसाठी. मोठीत बोटांची नखंसुद्धा दिसत. लहानीत फाइल हलकी व्हायची, पण चित्र तेवढं स्वच्छ राहायचं नाही. आम्ही त्या पेनड्राइव्हमध्ये भरून मुलांना द्यायचो. बरीच मुलं पेनड्राइव्ह हरवायची. तरी काम चाललं होतं.

मग कोरोना आला आणि शाळाच बंद ठेवायची वेळ आली. मुलं महिनोन् महिने घरी. आम्ही सगळे धडे इंटरनेटवर चढवले आणि पालकांना कळवलं की मोबाइलवर पाहा. आठवड्याभरात काजलच्या आईचा फोन आला. काजल आमच्याकडे चौथीत होती. चिखलदऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून तिचं गाव.

“मॅडम, तुमचा हात अर्धा वर जाते अन् थांबते,” तिची आई म्हणाली. “मंग गोल गोल फिरत राहते. पोरगी मोबाइलले मारते.”

मी तिला लहान प्रत पाठवली. ती थांबत नव्हती, पण तिच्यात बोटं नीट उमगत नव्हती. आमच्या इंग्रजी अक्षरांच्या खुणांत एका हाताचं बोट दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला टेकवलं तर एक अक्षर होतं, शेजारच्या बोटाला टेकवलं तर दुसरं. काजल शब्द चुकीचे लिहू लागली. अंजनगावचा एक मुलगा, चांदूर रेल्वेची एक मुलगी, सगळ्यांचं तेच. नेट बरं असलं तर मोठी प्रत चालायची, पाच मिनिटांत नेट गेलं की थांबायची. आणि चौथी-पाचवीचं मूल दर पाच मिनिटांनी प्रत बदलत बसणार नव्हतं.

धांडे सरांनी बाहेरगावच्या एका कंपनीला विचारलं. ते म्हणाले, तुमचे सगळे धडे आम्ही नव्याने तयार करू, पाच आकारांत, नेटप्रमाणे आपोआप बदलणारे. काही महिने लागतील. त्यांनी एक नमुना पाठवला. त्यात माझा चेहरा इतका गुळगुळीत झाला होता की मी दहा वर्षांनी लहान दिसत होते. सर म्हणाले, “मॅडम, किती छान दिसता!” मी माझे हात पाहिले. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट मिळून एकच जाड बोट झालं होतं.

कॅमेऱ्यातलं मूळ चित्रण आता कोणाकडेच नव्हतं. हमीदभाईंच्या दुकानातली मशीन जळाली तेव्हा ते गेलं होतं. उरल्या होत्या त्या तीन प्रती. प्रतीवरून पुन्हा प्रत काढली की चित्र आणखी विरणार, हे मलाही कळत होतं. मी हमीदभाईंना फोन केला. ते म्हणाले, “फोनवर सांगू नोका. घेऊन या, दाखवा.”

शनिवारी मी अकोल्याला गेले. सायकलच्या दुकानावर एक अरुंद जिना, आणि वर त्यांची खोली. लग्नाची कामं कमी झाली होती. ड्रोन उडवणारी नवी मंडळी आली होती. हमीदभाई दोन जुन्या पडद्यांसमोर बसले होते. त्यांच्या पत्नी नसीमभाभींनी चहा आणला.

नमुना त्यांनी अर्धा मिनिट पाहिला आणि बंद केला. “याले पुन्हा बनवाचं कामच नाई,” ते म्हणाले. “तीन प्रती आपल्यापाशी हायेतच. तिन्हीचे सारखे तुकडे कराचे, चार-चार सेकंदाचे. कोणता तुकडा कुठं हाय त्याची एक यादी बनवाची. मंग मोबाइल सोताच पाहीन. नेट चांगलं हाय तं मोठ्यातला तुकडा घेईन. नेट पडलं तं पुढचा तुकडा लहान्यातला. नेट आलं का पुन्हा मोठा. थांबाचं काम नाई.”

“पण त्यात चित्र बिघडणार नाही?”

“कसं बिघडंन? मी चित्राले हातच नाई लावून राहिलो. कापून राहिलो फक्त.”

त्यांनी माझ्यासमोर एक धडा करून दाखवला. माझा चहा संपायच्या आत तो झाला. मी एक तुकडा उघडून मूळ प्रतीशेजारी लावला. तेच चित्र, तीच नखं.

मग त्यांनी मला एक गोष्ट समजावली. तेव्हा मला ती बारीकशी वाटली होती. व्हिडिओत प्रत्येक क्षणाचं पूर्ण चित्र साठवलेलं नसतं. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं, त्याला ते ‘पूरा फोटो’ म्हणत. मधल्या वेळात आधीच्या चित्रातलं काय बदललं तेवढंच नोंदलेलं असतं. म्हणून तुकडा पाडायचा तर पूऱ्या फोटोशीच पाडावा लागतो. “अन् तिन्ही प्रतीत पूरा फोटो एकाच जागी पाह्यजे,” ते म्हणाले. “म्या दर दोन सेकंदाले ठेवलेला हाय. तिन्हीत. तेव्हा आदत होती म्हून ठेवला, आता कामी आला.”

तीन आठवड्यांत त्यांनी सगळे धडे कापून दिले. धांडे सर खूश झाले. त्यांनी उद्घाटनाचा दिवस ठरवला आणि पत्रिकाही छापायला टाकल्या. हमीदभाई मात्र म्हणाले, “इथं बसून काय समजते? इथं नेट हाय. जिथं नाई, तिथं जाऊन पाहू.”

म्हणून आम्ही दोघं काजलच्या गावी गेलो. परतवाड्यापर्यंत बस, पुढे घाटातून जीप. हमीदभाईंना वळणांचा त्रास व्हायचा, ते डोळे मिटून बसले होते. गावात नेट एकाच जागी यायचं, शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली, आणि तिथेही वारं आल्यासारखं येऊन जायचं. काजल मला पाहून धावत आली. तिच्या आईने झाडाखाली सतरंजी टाकली.

काजलने विजेपासून सावध राहण्याचा धडा लावला. तो तिसऱ्या उन्हाळ्यातला होता. पडद्यावर मी होते, निळ्या ड्रेसमध्ये. चित्र धूसर झालं, पुन्हा स्वच्छ झालं, पुन्हा धूसर झालं, पण थांबलं नाही. एकदाही नाही. काजलची आई म्हणाली, “आता गोल नाई फिरत!” मला इतका आनंद झाला की मी काजलच्या पाठीवर थाप मारली.

हमीदभाई हसले नाहीत. “पुन्हा लावा,” म्हणाले. तिने पुन्हा लावला. या वेळी चित्र दुसऱ्याच ठिकाणी धूसर झालं. “आणखी एकदा.” तिसऱ्यांदा त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

“मॅडम, इथला नोको गेला.”

मला काहीच दिसलं नव्हतं. वाक्य होतं, ‘तुटलेल्या तारेला हात लावू नका.’ आमच्या खुणांत आधी तार येते, मग तुटणं, मग हात लावणं, आणि सगळ्यात शेवटी नकाराची खूण. मी म्हणाले, “आहे की. मी केलाय नकार, मला चांगलं आठवतं.”

“तुमाले आठवते म्हून तुमाले दिसते,” ते म्हणाले. “त्या पोरीले विचारा.”

मी काजलला खुणेने विचारलं, मॅडमने काय सांगितलं? तिने हात वर केले आणि नीट, सुरेख खुणा करून दाखवल्या. तार. तुटलेली. हात लावा.

मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि मग आपण चुकलो का म्हणून माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी तिला जवळ बसवलं आणि ते वाक्य पाच वेळा करून दाखवलं, दर वेळी नकार मोठा करून. तिच्याकडूनही पाच वेळा करून घेतलं.

परतीच्या वाटेवर परतवाड्याच्या स्टँडवर हमीदभाईंनी पाण्याची बाटली घेतली, तोंड धुतलं आणि म्हणाले, “माही चूक हाय. तिसऱ्या साली मशीन जळली, पण त्याच्या आधी मोठी प्रत बनून झाली होती. मधली अन् लहानी म्या तिच्यावरून दोस्ताच्या दुकानात बनवली. त्याच्या मशीनवर पूरा फोटो तीन सेकंदाले पडत असन. म्या पाह्यलंच नाई. म्हून मोठ्याचा तुकडा एका जागी संपते, लहान्याचा पुढचा तुकडा दुसऱ्या जागी सुरू होते. मधातलं एक सेकंद गायब.”

“मला तरी कुठे कळलं,” मी म्हणाले.

“तुमचं काम वेगळं, माहं वेगळं. हे माहं होतं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी धांडे सरांपुढे हेच शब्द पुन्हा उच्चारले. सर वाईट माणूस नव्हेत, पण पत्रिका वाटून झाल्या होत्या. ते म्हणाले, “हमीदभाई, अहो, एका सेकंदाने काय होतं? उद्घाटन होऊन जाऊ द्या, मग सावकाश दुरुस्त करा.”

हमीदभाई उभेच होते. “सर, त्या एका सेकंदात तुमची पोरगी तारेले हात लावते.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काजलने दाखवलेल्या खुणा त्यांना करून दाखवल्या. सरांनी समोरची पत्रिका उचलली, उलटी करून ठेवली आणि शिपायाला म्हणाले, पाहुण्यांना फोन लाव.

दुरुस्तीही हमीदभाईंनी चित्राला हात न लावताच केली. मोठीत पूरा फोटो दर दोन सेकंदांनी, बाकीच्या दोन प्रतींत दर तीन सेकंदांनी. मग तिन्हीचा एकत्र कुठे येतो? दर सहा सेकंदांनी. त्या वर्षीचे धडे त्यांनी चारऐवजी सहा-सहा सेकंदांवर कापले. “दोनाचा अन् तिनाचा पाढा म्हणून पाह्यला, बस,” ते म्हणाले. पण सात धडे असे निघाले की त्यांत मित्राच्या मशीनने पूरा फोटो मनाला येईल तिथे टाकला होता. एकत्र जागाच सापडेना. सरांची इच्छा होती की सगळे धडे सारखे असावेत. ते म्हणाले, हे सात तेवढे नव्याने बनवा. हमीदभाई म्हणाले, बनवले तर बोटं जातील.

“मग काय करायचं?”

“त्या सातायचं एकच चालू द्या. मधली प्रत. थांबलं तं थांबू द्या. थांबलं तं पोरगं वाट पाहीन. पण चुकीचं पाह्यलं तं त्याले कोण सांगणार, का चुकीचं पाह्यलं?”

तसंच केलं. त्या सात धड्यांशेजारी मी ‘थोडं थांबा’ या खुणेचं चित्र लावलं.

त्यानंतर हमीदभाई म्हणाले, आता प्रत्येक सांधा, म्हणजे दोन तुकडे जुळतात ती जागा, डोळ्यांनी पाहायचा. दोनशेच्या वर धडे, प्रत्येकात शेकड्यावर सांधे. मोठ्यावरून लहानावर आणि लहानावरून मोठ्यावर मुद्दाम उडी मारायला लावायची आणि हात पाहायचा. अडीच महिने त्यांनी हे केलं. कित्येक शनिवारी मी जाऊन शेजारी बसत असे. खोलीत आवाज फक्त पंख्याचा. दुपारी नसीमभाभी जेवायला हाक मारत, आणि हे “आलो” म्हणून अर्धा तास उठत नसत.

एकदा ते मध्येच हसले. मी विचारलं, काय झालं. गोष्टीच्या धड्यात माकड मगरीला फसवतं ती जागा होती. दुसऱ्यांदा त्यांनी पडदा थांबवला आणि म्हणाले, “मॅडम, इथं तुमी सोमवार दोनदा केला. मंगळवार राहून गेला.” मी पाहिलं. खरंच राहून गेला होता. तीन वर्षांत ते ना माझ्या लक्षात आलं होतं, ना दुसऱ्या कोणा शिक्षकाच्या.

“हमीदभाई, तुम्हाला आमची भाषा येते!”

“मले कुठं येते जी,” ते चष्मा पुसत म्हणाले. “पाहून पाहून थोडं दिसते, एवढंच.”

उद्घाटन झालं तेव्हा ते शेवटच्या रांगेत बसले होते. सरांनी भाषणात त्यांची चूक सांगितली नाही. हमीदभाईंनी शाल घेतली, नारळ घेतला आणि माइकसमोर एकच वाक्य बोलले, “तिसऱ्या सालच्या धड्यात गलती माही होती, आता नाई.” मग गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले. पुढे कोणी त्यांना म्हणालं की तुम्ही मुलांसाठी मोठी सेवा केली, तर ते चिडत. “सेवा काहाची? काम दिलं, काम केलं. अर्धं चुकलं, ते नीट केलं.”

त्यानंतर दोन-अडीच वर्षं आमची भेट फोनवरच होत होती. शाळा पुन्हा भरू लागल्या, पण सुट्टीत मुलं ते धडे पाहतच राहिली. मग एका दिवाळीनंतर त्यांचा फोन लागेना. शेवटी नसीमभाभींनी उचलला. हमीदभाईंच्या घशात गाठ निघाली होती. नागपूरला ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टरांना स्वरयंत्र काढावं लागलं होतं. जीव वाचला होता. आवाज गेला होता.

मला जायला महिना लागला. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, हे त्याचं खरं कारण. दुकान बंद होतं, मी मागच्या गल्लीतल्या घरी गेले. हमीदभाई पलंगावर उशीला टेकून बसले होते. गळ्याला पांढरी जाळी बांधलेली, अंग निम्मं झालेलं. मी “कसे आहात” म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांनी हात वर केले.

बस. गाडीने आलात? जेवलात?

ती आमच्या शाळेची खुणांची भाषा होती. मी धड्यांत करते तशीच, अगदी माझ्यासारखा मनगटाला हलका झटका देऊन. पण त्यांची स्वतःची तऱ्हाही तिच्यात उतरली होती. खुणा छोट्या, तुटक, एकही हात जास्त नाही. मी उभीच राहिले. त्यांनी पुन्हा केलं, जरा रागावून. बस.

आतून नसीमभाभी आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहून खूण केली, गोळी घेतली का? त्यांनी उत्तर दिलं, नंतर. भाभींनी मान हलवून नकार केला आणि गोळी हातात दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “डॉक्टरनं पाटी दिली होती, लिहून बोला म्हणे. पण मले कुठं वाचता येते, मॅडम? मंग यायनं मोबाइल काढला. तुमचे धडे लावले. पहिल्या धड्यापासून. रोज दोपारी बसतो आमी दोघं. आमच्या इकडे नेट तसंच हाय, येते-जाते. पण थांबत नाई तुमचं.”

हमीदभाईंनी टाळी वाजवून माझं लक्ष वेधलं. मोबाइल हातात घेतला, भाजीबाजाराचा धडा काढला आणि पाचव्या मिनिटाजवळ नेला. चित्र मोठ्यावरून मधल्यावर गेलं. माझा हात वांग्याच्या खुणेतून एकदम टोमॅटोच्या खुणेत उडाला. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे कोणी केलं?

मी शाळकरी मुलीसारखा हात वर केला. त्या धड्याच्या सुरुवातीला शाळेचा जुना फोन नंबर होता. उन्हाळ्यात मी मोबाइलवरच्या कुठल्याशा अ‍ॅपने तो मधल्या प्रतीतून पुसला होता, आणि त्यांच्या पद्धतीने तुकडे पाडून चढवून दिला होता. अ‍ॅपने ती प्रत नव्याने बनवली होती. पूरे फोटो भलतीकडेच गेले होते. सांधा पाहायला मला वेळ झाला नव्हता.

पाहिलं नाही? त्यांनी विचारलं.

नाही, मी म्हणाले. म्हणजे हातानेच म्हणाले.

त्यांनी दोन्ही हातांनी मला चांगलंच झापलं. सगळं मला समजलं नाही, पण ‘डोळे’ आणि ‘कशाला दिलेत’ एवढं समजलं. भाभी पदराआड हसत होत्या. मग त्यांनी भाभींना खूण करून कपाटातली हार्ड डिस्क काढायला लावली आणि माझ्या हातात दिली. तिच्यावर कागद चिकटवलेला होता, ‘तिन्ही प्रती. हात लावू नये.’

अमरावतीला आल्यावर मी त्या डिस्कवरची जुनी मधली प्रत परत घेतली, फोन नंबरासकट. तिचे तुकडे पाडले. मग दोन दुपारी बसून त्या धड्याचा एकेक सांधा डोळ्यांनी पाहिला, वर जाताना आणि खाली येताना. मग त्यांना निरोप पाठवला की झालं. संध्याकाळी भाभींच्या मोबाइलवरून आठ-दहा सेकंदांचा व्हिडिओ आला. हमीदभाई पलंगावर बसले होते. पाहिलं, त्यांनी खूण केली. ठीक.

ते वर्षभराने, माघात गेले. गाठ दुसरीकडे पसरली होती. मला कळलं तोवर दफन होऊन गेलं होतं. चौथ्या दिवशी मी अकोल्याला गेले. घरात नातेवाईक होते, बायका एकीकडे बसल्या होत्या, कोणीतरी हलक्या आवाजात पठण करत होतं. नसीमभाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले.

त्या म्हणाल्या, “मॅडम, सव्वा वरीस झालं, या घरात आमी हातानं बोलत होतो. भांडणसुद्धा हातानं. सकाळी उठली अन् पलंगाकडे पाहून गोळीची खूण केली म्या. पाहणारं कोणीच नाई. आता मी हातानं कोणाशी बोलू?”

बाजूच्या बायका आमच्याकडे पाहत होत्या. भाभींनी डोळे पुसले, माझ्याकडे वळल्या आणि त्यांचे हात उचलले गेले. कपाची खूण, मग प्रश्न. चहा घ्याल?

मी हातांनीच उत्तर दिलं. घेते. तुम्हीही घ्या, माझ्यासोबत.